लोईसची नातवंडं

२६ जानेवारी. संत तीमथ्य आणि संत तीत यांचा स्मृतिदिन
आजचं वाचन: तीमथ्याला दुसरं पत्र १:१-८

 

काल आपण संत पौलाचं परिवर्तन साजरं केलं. आज लगेच त्याच्या दोन शिष्यांचा दिवस. दरवर्षी हे दोन दिवस असेच पाठोपाठ येतात आणि आपल्या देशात त्यातला दुसरा प्रजासत्ताक दिनी पडतो. झेंडावंदनाच्या गडबडीत आजचं पहिलं वाचन बऱ्याचदा ऐकायचं राहून जातं. मिस्सा लवकर असते, मुलं गणवेशात असतात, बाहेर जिलेबीचे पुडे येऊन पडलेले असतात. म्हणून आज मुद्दाम थांबूया.

पौल तुरुंगात आहे. आपले दिवस भरत आले हे त्याला कळलंय. अशा वेळी तो आपल्या लाडक्या तीमथ्याला पत्र लिहितो आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्यातच त्याच्या घरात शिरतो. तुझा निष्कपट विश्वास मला आठवतो, तो आधी तुझ्या आजीत होता, लोईसमध्ये, मग तुझ्या आईत, युनीकेमध्ये, आणि आता तुझ्यातही आहे अशी माझी खात्री आहे, या अर्थाचं तो लिहितो. संपूर्ण नव्या करारात ‘आजी’ हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो. प्रेषितांच्या नावांच्या याद्या आहेत, राजांची नावं आहेत, मंडळ्यांना पत्रं आहेत. आजी एकच, आणि तिच्याबद्दल वाक्यही अर्धंच.

या अर्ध्या वाक्याजवळ आले की मला आमची बाई दिसते.

बाई म्हणजे माझी आजी, बाबांची आई. बाबा आणि त्यांची भावंडं तिला बाई म्हणायची, म्हणून आम्ही नातवंडंही बाईच म्हणायला लागलो. नव्वदी पार करून ती गेली. नेमकं वय तिला स्वतःला माहीत नव्हतं. श्रीरामपूर भागातल्या एका खेड्यात तिचा जन्म झाला. त्या काळात गावच्या दप्तरात अशा घरातल्या मुलीची नोंद कोण करणार? तिचं वय आम्हाला शेवटी धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा-रजिस्टरमध्ये मिळालं. त्यात तिचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, धर्ममातेचं नाव, सगळं व्यवस्थित शाईने लिहिलेलं होतं. बाईला ते वाचून दाखवलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “माझ्या मायचं नाव हाय का त्यात?” स्वतःच्या वयात तिला फारसा रस नव्हता.

आपल्या नाशिक धर्मप्रांतातली पुष्कळ घरं अशीच तिकडून, नगर जिल्ह्यातून आलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन जेझुइट धर्मगुरू त्या दुष्काळी टापूत गेले. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमध्ये राहिले, शाळा काढल्या, मास्तर नेमले. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिशांच्या दृष्टीने हे जर्मन फादर शत्रूचे नागरिक ठरले. त्यांना नजरकैदेत टाकलं गेलं, पुढे मायदेशी धाडलं गेलं. नुकत्याच रुजलेल्या त्या धर्मग्रामांचं मग काय झालं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. फादर महिनोन्‌महिने दिसत नाहीत, मिस्सा नाही. तेव्हा मास्तरांनी आणि बायकांनीच प्रार्थना चालू ठेवल्या असणार. बाईची आई त्यातलीच. बाई म्हणायची, मायला अक्षर येत नव्हतं, पण जपमाळेचे सगळे रहस्यप्रसंग तोंडपाठ होते आणि जात्यावर बसली की ती ते ओवीत घालायची.

हरेगावची मतमाउलीची यात्रा १९४९ साली सुरू झाली. बाई तेव्हा नुकती लग्न झालेली पोर. नंतर आजोबांना नाशिक रोडला प्रेसमध्ये काम लागलं आणि बिऱ्हाड इकडे आलं. तरी सप्टेंबर आला की बाई गाठोडं बांधून हरेगावला निघायची. कधी एसटीने, कधी कुणाच्या टेम्पोतून. ऐंशी ओलांडल्यावर बाबांनी हट्टाने थांबवलं तेव्हा म्हणाली, “आई माझी तिथं वाट बघती, तुझ्या काय बापाचं जातंय?” घरात भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती आणि तिच्याच शेजारी बाबासाहेबांची. आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्याला याचं नवल वाटायचं. बाईला त्यात नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. १९३५ साली बाबासाहेबांनी आपल्याच नाशिक जिल्ह्यात, येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं तेव्हा ती तान्ही होती. पण ती गोष्ट तिने आपल्या बापाकडून इतक्यांदा ऐकली होती की स्वतः तिथे हजर असल्यासारखी सांगायची.

आता मूळ गोष्टीकडे येते. २६ जानेवारीला ती सांगायला हवी असं मला बरेच दिवस वाटत होतं. बाबांना विचारून सांगते आहे.

२६ जानेवारी १९५० ला आपलं संविधान अमलात आलं. त्याचं पंचविसावं कलम प्रत्येकाला सदसद्विवेकाचं आणि आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं स्वातंत्र्य देतं. त्याच वर्षी १० ऑगस्टला अनुसूचित जातींच्या यादीचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात धर्माची अट आली. १९५६ मध्ये त्या अटीत शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. म्हणजे एकाच वस्तीतली, एकाच विहिरीवर अडवलेली दोन घरं, पण एकाला सवलत आणि दुसऱ्याला नाही. भारतातली ख्रिस्तसभा १० ऑगस्ट हा काळा दिवस म्हणून पाळते तो यासाठीच. तुमच्यापैकी पुष्कळांना हे माहीत नसेल. शहरात वाढलेल्या आपल्या पिढीला घरात कुणी हे सांगत नाही, कारण प्रत्येक घराने त्यावर आपापला काहीतरी मार्ग काढलेला असतो आणि त्याबद्दल मोठ्याने बोलायचं नसतं.

आमच्या घरापुढे ही वेळ सत्तरच्या दशकात आली. बाबा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाले. त्यांना पॉलिटेक्निकला जायचं होतं. आजोबा तोपर्यंत वारले होते. फी भरणं अशक्य. शाळेतले एक गुरुजी स्वतः घरी आले. भला माणूस. त्यांनी बाईला समजावलं की दाखल्यावर धर्माच्या रकान्यात एक शब्द वेगळा लिहिला की जागाही मिळेल, फीही माफ होईल. घरात तुम्ही काय मानता ते कोण बघायला येतंय? रविवारी चर्चला जायला कुणी अडवणार नाही. बाईच्या सख्ख्या भावाने हेच केलं होतं. त्याची दोन्ही मुलं पुढे सरकारी नोकरीत चांगल्या हुद्द्यावर गेली.

बाईने गुरुजींना चहा दिला. रात्रभर विचार केला. सकाळी म्हणाली, “न्हाय लिवायचं.”

झालं. बाबांचं पॉलिटेक्निक राहिलं. सातपूरच्या एमआयडीसीत ते हेल्पर म्हणून लागले, रात्रीच्या शिफ्ट केल्या, हळूहळू मशीनवर आले, फोरमन होऊन निवृत्त झाले. आम्हाला त्यांनी काही कमी पडू दिलं नाही. पण बरीच वर्षं ते मिस्सेला जात नसत. नाताळला यायचे, तेही मागे उभे राहायचे. बाईबद्दल तोंडातून वाईट शब्द कधी निघाला नाही, एक वाक्य मात्र मी त्यांच्या तोंडून दोनतीनदा ऐकलंय: “विश्वास बाईचा, फी माझी.”

हे वाक्य मला सोपं करून घ्यायचं नाही. आपल्या प्रवचनांमध्ये, साक्षींमध्ये अशा गोष्टी फार लवकर गोड होतात. आईने विश्वास सोडला नाही, देवाने तिच्या मुलांना आशीर्वादित केलं, हालेलुया. आमच्या घरी असं काही झालं नाही. देवाने बाबांना नंतर इंजिनिअर केलं नाही. मामेआजोबांच्या मुलांवर काही संकटही कोसळलं नाही, ती मजेत आहेत आणि भली माणसं आहेत. बाईच्या ‘नाही’ची किंमत एका सोळा वर्षांच्या मुलाने मोजली आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

मग पौल ज्याला निष्कपट विश्वास म्हणतो तो नक्की कोणता? बाईचा, की तिच्या भावाचाही?

इथे पुन्हा तीमथ्याच्या घरी जाऊया. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ उघडा. तीमथ्य लुस्त्राचा. आई यहुदी, विश्वास धरलेली. वडील ग्रीक. आणि मुलाची सुंता झालेली नव्हती, पुढे पौलाने त्या भागातल्या यहुद्यांमुळे ती करवून घेतली. याचा अर्थ लक्षात येतोय का? युनीकेने परधर्मीय माणसाशी संसार केला. मुलाच्या अंगावर कराराची खूण नव्हती. तेव्हाच्या हिशेबाने म्हणायचं तर तीमथ्याचा ‘दाखला’ अपुरा होता. धर्माचा रकाना नीट भरलेला नव्हता. नवऱ्यापुढे युनीकेचं चाललं नसेल का? की तिनेच कुठेतरी तडजोड केली असेल? वाद नकोत म्हणून लोईस आजी लेकीच्या घरात गप्प राहिली असेल का? पवित्र शास्त्र काही सांगत नाही. एवढंच सांगतं की या मुलाला बालपणापासून शास्त्रलेख ठाऊक होते. कुणीतरी ते त्याला शिकवले होते, बापाच्या धर्माच्या घरात राहून. आणि पौलासारखा कडक माणूस, जो पेत्रालाही तोंडावर बोलायला कचरला नाही, तो या दोन बायकांच्या विश्वासाला निष्कपट म्हणतो.

मला वाटतं बाईला हे वाचनाशिवायच कळलं होतं. कारण तिने स्वतः रकान्यात खोटं लिहिलं नाही, पण ज्यांनी लिहिलं त्यांना तिने कधी नावं ठेवली नाहीत. आमच्या चाळीत अशी चारपाच घरं होती. काही लोक त्यांच्याबद्दल कुजबुजत. बाई त्यांच्याकडे बाजरीची भाकरी आणि ठेचा घेऊन जायची, त्यांच्या पोरांच्या कम्युनियनला नारळ घेऊन जायची. भावाची मुलं नोकरीला लागली तेव्हा पेढे हिनेच वाटले. मी एकदा कॉलेजात असताना जरा तावाने म्हटलं, “मामेआजोबांनी फसवणूकच केली ना?” तिने माझ्याकडे पाहिलं. “त्याच्या पोरांची पोटं तू भरली व्हतीस का?”

म्हणजे स्वतःसाठी एक माप आणि शेजाऱ्यासाठी त्याहून मोठं. मला उलटं सहज जमतं.

नाशिकच्या मातीत असा प्रश्न आधीही पडून गेलाय. लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या. त्या आपल्या कॅथोलिक सभेतल्या नव्हेत, पण त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’शिवाय मराठी ख्रिस्ती माणसाचं कपाट पूर्ण होत नाही. वाचलं नसेल तर या वर्षी वाचा, हसून हसून डोळ्यात पाणी येईल. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्यांनी नवऱ्याच्या मागे मुकाट जायचं नाकारलं. त्या ओढाताणीत जीव अर्धा झाला, पण स्वतःला पटेपर्यंत हललेल्या नाहीत. आणि पटल्यावर परत फिरल्या नाहीत. पुढे त्यांच्याच नातवाने, अशोक टिळकांनी, त्या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती तयार केली. आजीचा शब्द न् शब्द तपासत बसलेला नातू, हे चित्र मला फार आवडतं. बाईने शब्द मागे ठेवले नाहीत. तिला सही करता येत होती, तेवढीच.

बाईची संध्याकाळची जपमाळ मात्र कधी चुकली नाही. सात वाजता दिवा, मेणबत्ती, आणि आम्ही नातवंडं ओळीने. बाबा आतल्या खोलीत रेडिओ लावून बसायचे. आवाज बारीक ठेवायचे. लहान असताना मला वाटायचं की ते आमच्या प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून. आता वाटतं, ऐकू यावं म्हणूनही असेल.

शेवटची चारपाच वर्षं बाईचं विसरणं वाढत गेलं. आधी पैसे कुठे ठेवले ते, मग आमची नावं, मग नाशिक. आपण हरेगावात आहोत असं तिला वाटायचं. आम्हाला ती वेगवेगळ्या मेलेल्या माणसांच्या नावांनी हाका मारायची. प्रार्थना राहिल्या, पण त्याही मधेच तुटायच्या. नमो मरियेचा पहिला भाग ती म्हणायची आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीशी येऊन थांबायची. ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. एका संध्याकाळी घरात आम्ही कुणी नव्हतो, आई तेवढी स्वयंपाकघरात होती. आईने सांगितलं, बाई थांबली, आणि आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. पुढचा भाग. सगळा. मग बाईने पुन्हा पहिला भाग म्हटला, पुन्हा थांबली, पुन्हा आतून आवाज. पन्नास वेळा. बाबा बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी रेडिओ लागला नाही.

त्यानंतर ते रोज चालू झालं. बाबांचा विश्वास परत आला का, असं मला काहीजण विचारतात. मी बाबांना विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले होते की बाईला वाक्य पुरं व्हायला माणूस पाहिजे ना.

आणखी एक सांगायचं राहिलं. पूर्ण विसरायच्या आधी, ऐंशीच्या पुढे असताना, बाई एकदा बाबांना म्हणाली होती: “लेका, तुझं नुकसान झालं. मला ठावं हाय. पण मला दुसरं जमलं नसतं.” माफी मागितली नाही, आणि आपलंच बरोबर होतं असंही म्हटलं नाही. बाबा म्हणाले, “जेव आता.” दोघं जेवले.

आजच्या वाचनातल्या सातव्या-आठव्या ओवीवर प्रवचनांत जोर असतो: देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, प्रभूविषयी साक्ष द्यायची लाज धरू नको. हे ऐकताना आपल्याला व्यासपीठ दिसतं, माइक दिसतो, रील दिसते. पण पौल हे आजीचं नाव घेतल्यानंतर लगेच लिहितो. ती आठवण देऊन मग सांगतो की तुझ्यातलं कृपादान पुन्हा चेतव, राख झटक. चूल पेटवणाऱ्या बाईला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. रात्री निखाऱ्यावर राख ओढायची, सकाळी फुंकर घालायची. रोज नवी काडी कोण ओढतंय? बाईचा विश्वास तसा राखेखालचा होता. दिसायला फार काही नव्हतं. बाबांचाही तसाच असेल.

आपल्यापुढे आज रकाना वेगळा आहे. भाड्याच्या घरासाठी मालक आडनाव विचारतो आणि मग ‘तुम्ही लोक म्हणजे...’ म्हणून थांबतो. ऑफिसात शुक्रवारच्या उपवासाबद्दल कुणी विचारतं. लग्नाच्या साइटवर एक पर्याय निवडायचा असतो. प्रत्येक वेळी काय करावं याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि असल्याचा आव मी आणणार नाही. बाईसारखं ‘न्हाय लिवायचं’ म्हणणाऱ्याने आधी एवढं पाहावं की किंमत कोण देणार आहे, मी की माझ्या मागचं कुणी. आणि दुसऱ्याने वेगळं लिहिलं तर त्याच्या घरी भाकरी घेऊन जायची तयारी आहे का.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी नाशिक रोडला बाळ येशूची यात्रा आहे. बाई गेल्यापासून बाबा तिथे रांगेत उभे राहतात, तिच्या वाटची मेणबत्ती घेऊन. तुम्ही मुंबईहून, पुण्याहून येणार असाल तर शक्यतो पहाटेच या, दुपारी उन्हात रांग फार लांब जाते. सोबत घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणत असाल तर पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची विसरू नका.

प्रार्थना करूया.

हे प्रभो, लोईसचं नाव तू तुझ्या पुस्तकात ठेवलंस. आमच्या बाईलाही तिच्या शेजारी कुठेतरी बसव, तिला गर्दीत एकटं आवडत नाही. तिच्या भावालाही जवळच बसव. ज्या मुलांनी आपल्या आयांच्या विश्वासाची फी भरली, त्यांच्याशी तू स्वतः बोल, आम्हाला ते नीट जमत नाही. आणि आज संध्याकाळी सात वाजता आमच्या घरी जपमाळेला बाबा सुरुवात करणार आहेत, पहिल्यांदाच. त्यांचा आवाज मधेच थांबला, तर आम्हाला पुढचं आठवू दे. आमेन.